यंत्राची नक्कल आणि कायदा : एम्युलेटरचा मागोवा

जानेवारी १९९९. सॅन फ्रान्सिस्कोत मॅकवर्ल्डचं प्रदर्शन भरलं होतं. अॅपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी त्या वेळी व्यासपीठावरून जे काही दाखवलं, त्यात कॅलिफोर्नियातल्याच सॅन मॅटिओ गावच्या कनेक्टिक्स या लहान कंपनीचं एक सॉफ्टवेअर होतं. नाव व्हर्च्युअल गेम स्टेशन, किंमत ४९ डॉलर. ते मॅकवर चढवायचं, सोनीच्या प्लेस्टेशनची सीडी मॅकच्या ड्राइव्हमध्ये घालायची, की गेम सुरू. प्लेस्टेशन विकत घ्यायची गरजच उरत नव्हती. महिना संपायच्या आत, २७ जानेवारीला, सोनीने कोर्ट गाठलं.

एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचं सोंग घ्यावं, हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला एम्युलेटर म्हणतात. जुना गेम किंवा प्रोग्राम ज्या प्रोसेसरसाठी लिहिलेला असतो, त्याच्या आज्ञा एम्युलेटर एकेक करून वाचतो आणि समोरच्या संगणकाला समजतील अशा आज्ञांमध्ये उतरवतो. मूळ यंत्राची मेमरी, चित्र काढणारी चिप, आवाजाची चिप, बटणं, सगळं तो हुबेहूब वठवतो. प्रोग्रामला आपण परक्या घरी आहोत हे कळतही नाही.

एम्युलेटर म्हणजे चोरीचा माल, असा समज आजही पक्का आहे. तो चुकीचा आहे. कायद्याने हा प्रश्न गेल्या दीडशे वर्षांत टप्प्याटप्प्याने सोडवलेला आहे. त्याचं उत्तर बहुतेक वेळा नक्कल करणाऱ्याच्या बाजूचं आहे, मात्र ही नक्कल कशी केली यावर त्याचा सगळा भर आहे. या उत्तराची मुळं शोधत गेलो तर आपण संगणकाच्याही आधी, एका हिशेबाच्या पुस्तकापाशी पोचतो.

खातेवहीचा खटला

१८५९ साली चार्ल्स सेल्डन या अमेरिकन गृहस्थाने हिशेब ठेवण्याची एक सुटसुटीत पद्धत सांगणारं पुस्तक काढलं. त्यात रकाने आखलेले कोरे नमुने होते. दिवसाचे किंवा महिन्याचे सगळे व्यवहार एका पानावर किंवा समोरासमोरच्या दोन पानांवर दिसावेत, अशी त्यांची मांडणी होती. पुढे बेकर नावाच्या माणसाने याच धर्तीचे, पण रकान्यांची रचना वेगळी असलेले नमुने विकायला सुरुवात केली. सेल्डन तोवर वारले होते. त्यांच्या पत्नीने दावा लावला आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी लिहिलेला 'बेकर विरुद्ध सेल्डन' हा १८७९ सालचा निकाल आजच्या सॉफ्टवेअर कायद्याचा पाया आहे. पुस्तकात पद्धत समजावून सांगताना लेखकाने जे लिहिलं, त्याच्यावर त्याचा कॉपीराइट आहे. ती पद्धत वापरण्याचा हक्क मात्र सगळ्यांचा आहे. पद्धतीवरच मक्तेदारी हवी असेल तर पेटंट मागा, तिथे नावीन्याची परीक्षा द्या आणि ठरावीक मुदतीपुरता हक्क घ्या. कॉपीराइटला ही परीक्षा नाही, शिवाय त्याची मुदत फार मोठी. म्हणून त्याच्या आडून यंत्रणेवर कब्जा मिळवता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं.

१९७६ च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्यात हाच विचार कलम १०२(ब) म्हणून आला. कल्पना, प्रक्रिया, यंत्रणा, कार्यपद्धती यांना कॉपीराइट मिळत नाही. प्लेस्टेशन बटण दाबल्यावर काय करतं ही कार्यपद्धती झाली. ते करवून घेण्यासाठी सोनीच्या अभियंत्यांनी लिहिलेला कोड हे लेखन झालं. एम्युलेटरचे पुढचे सगळे खटले या दोहोंमधली रेघ नेमकी कुठे ओढायची यावरच झाले आहेत.

आयबीएमने स्वतःचीच केलेली नक्कल

एम्युलेटर ही गेम खेळणाऱ्या पोरांनी काढलेली पळवाट नव्हे. तो मोठ्या कंपनीच्या धंद्याच्या गरजेतून जन्मला. १९५९ साली बाजारात आणलेला आयबीएमचा १४०१ हा संगणक तुफान चालला, त्याची दहा हजारांहून अधिक यंत्रं बसवली गेली. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही पूर्णपणे नवी मालिका जाहीर केली तेव्हा प्रश्न उभा राहिला, की १४०१ साठी कंपन्यांनी पदरमोड करून लिहून घेतलेल्या प्रोग्रामचं काय करायचं? प्रतिस्पर्धी हनीवेलने नेमकी हीच संधी साधली होती. १४०१ च्या आज्ञांशी जुळणारा एच-२०० हा संगणक तिने आणला आणि जुने प्रोग्राम त्यावर आणून देणाऱ्या साधनाचं नाव ठेवलं 'लिबरेटर'.

आयबीएमने याला एम्युलेशनने उत्तर दिलं. ३६० मालिकेच्या मॉडेल ३० मध्ये प्रोसेसरच्या आतल्या मायक्रोकोडच्या मदतीने १४०१ वठवला गेला आणि जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर तसेच्या तसे चालू लागले.

यातल्या कुठल्याच नकलेवर कॉपीराइटचा वाद झाला नाही, कारण वाद घालायला हक्कच धड नव्हता. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने संगणक-प्रोग्रामची नोंदणी घ्यायला सुरुवात केली ती याच १९६४ साली, तीही हातचं राखून. आयबीएम तेव्हा सॉफ्टवेअर यंत्राबरोबर देत असे. त्याची वेगळी किंमत लावायचं कंपनीने १९६९ मध्ये जाहीर केलं. सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकायची वस्तू झाली आणि मग तिच्या मालकीचं भांडण आलं. १९८० मध्ये अमेरिकन संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि प्रोग्रामला कॉपीराइट आहे हे स्पष्ट झालं. त्याच दुरुस्तीने प्रतीच्या मालकाला एक सवलतही दिली : यंत्रावर चालवण्यासाठी आवश्यक असलेली आणि राखीव म्हणून ठेवायची प्रत त्याला करता येते.

उचललेला कोड, नव्याने लिहिलेला कोड

पहिली मोठी ठिणगी पडली ती अॅपलच्या दारात. फ्रँकलिन कंपनीने एस १०० आणि पुढे एस १००० हे संगणक काढले. ते अॅपल २ चे प्रोग्राम चालवत. कारण साधं होतं, अॅपलच्या रॉममधला, म्हणजे चिपमध्ये कायमचा कोरलेला, आणि डिस्कवरचा कोड फ्रँकलिनने जसाच्या तसा उचलला होता. त्यात अॅपलच्या जेम्स ह्युस्टन या प्रोग्रामरचं नाव आणि 'अॅपलसॉफ्ट' हा शब्दही शाबूत सापडला. फ्रँकलिनचा बचाव असा, की चिपमधला कोड माणसाला वाचता येत नाही, तो यंत्राचाच भाग आहे, आणि जुळणारं यंत्र करायचं तर दुसरा मार्ग नाही. ऑगस्ट १९८३ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हे सगळं फेटाळलं. ऑपरेटिंग सिस्टिम असो, रॉममध्ये असो, फक्त यंत्रालाच वाचता येवो, लेखन ते लेखन, त्याची प्रत काढता येणार नाही.

त्याच सुमारास ह्यूस्टनमध्ये कॉम्पॅकने दुसरी वाट धरली. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीचे जवळपास सगळे सुटे भाग बाजारात मिळत होते. आयबीएमचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, बायोस. यंत्र सुरू होताना ते जागं करणारा आणि कीबोर्ड, पडदा, डिस्क यांच्याशी बोलणारा हा छोटा प्रोग्राम. आयबीएमने त्याचा कोड आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापलेला होता, म्हणजे तो वाचलेल्या माणसाने नवा बायोस लिहिला तर उचलेगिरीचा आरोप हमखास होणार. यातून 'क्लीन रूम' पद्धत पुढे आली. एक गट मूळ कोड वाचतो आणि तो काय करतो एवढंच लिहून काढतो, कसं करतो ते लिहीत नाही. दुसरा गट मूळ कोड कधीच पाहिलेला नसतो, तो त्या वर्णनावरून नवा कोड लिहितो. कॉम्पॅकने असा बायोस करून घेतला. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने आपला बायोस हवा त्याला विकायला काढला आणि आयबीएमशी जुळणाऱ्या संगणकांचा पूर लोटला. पुढे भारतातल्या सायबर कॅफेंत, बँकांत, शाळांत जे 'असेंबल केलेले पीसी' आले, त्यांचं मूळ या कायदेशीर नकलेत आहे.

१९८९ मध्ये या पद्धतीला न्यायालयातही वजन मिळालं. जपानच्या एनईसी कंपनीचे व्ही २० आणि व्ही ३० हे प्रोसेसर इंटेलच्या ८०८८ आणि ८०८६ च्या आज्ञा पाळत. इंटेलचं म्हणणं, आमचा मायक्रोकोड चोरला. एनईसीने आपला मायक्रोकोड क्लीन रूममध्ये पुन्हा लिहून दाखवला आणि तोही इंटेलच्या कोडशी बऱ्याच ठिकाणी जुळणारा निघाला! तेच यंत्र, त्याच आज्ञा पाळायच्या, मग लिहायचे मार्गच मोजके उरतात. असं साम्य चोरीचा पुरावा ठरत नाही, असं न्यायाधीश ग्रे यांनी ठरवलं. मायक्रोकोडला कॉपीराइट असू शकतो आणि तरीही जुळणारं यंत्र करणारा निर्दोष असू शकतो, या दोन्ही गोष्टी एकाच निकालात मान्य झाल्या.

उघडून पाहण्याचा हक्क

आता खरा नाजूक प्रश्न आला. मूळ कोड छापलेला नसेल तर यंत्र काय करतं हे कळणार कसं? चिपमधले बिट काढून घ्यावे लागतात, ते संगणकात साठवावे लागतात, त्यांचं वाचता येईल असं रूपांतर करावं लागतं. यातली प्रत्येक पायरी म्हणजे एक प्रत. मग नुसता अभ्यास हाच गुन्हा ठरतो का?

१९९२ च्या शरदात दोन निकाल महिन्याभराच्या अंतराने आले आणि दोन्ही एकत्रच वाचायला हवेत. सप्टेंबरमध्ये अटारी गेम्स विरुद्ध निन्टेंडो. निन्टेंडोच्या कन्सोलमध्ये परवाना नसलेली कॅसेट चालू नये म्हणून १०एनईएस नावाचं कुलूप होतं. अटारीच्या वकिलांनी कॉपीराइट ऑफिसात जाऊन, आपल्यावर दावा चालू असल्याचं खोटं सांगून, त्याच्या कोडची प्रत मिळवली. फेडरल सर्किटने सांगितलं, की कोड उलगडून अभ्यास करणं तत्त्वतः रास्त आहे, पण त्यासाठी हातातली प्रत रीतसर मिळवलेली हवी. अटारीची तशी नव्हती.

ऑक्टोबरमध्ये सेगा विरुद्ध अॅकोलेड. अॅकोलेडने सेगाचं जेनेसिस कन्सोल आणि कॅसेटी विकत घेतल्या, कोड उलगडला, कन्सोलशी जुळवून कसं घ्यायचं याची टिपणं काढली आणि स्वतःचे गेम स्वतः लिहिले. सेगाच्या नव्या यंत्रात 'सेगा' ही अक्षरं ठरलेल्या जागी सापडली तरच गेम सुरू होई, म्हणून तेवढा २० ते २५ बाइटचा तुकडा अॅकोलेडला आपल्या गेममध्ये घालावा लागला. गेम होते पाच लाख ते पंधरा लाख बाइटचे. खालच्या न्यायालयाने मनाई केली. नवव्या सर्किटमध्ये न्यायाधीश राइनहार्ट यांनी ती उठवली. ज्या कल्पना आणि कार्यपद्धती कायद्यानेच सर्वांच्या आहेत, त्या कोडच्या आत बंद असतील आणि कोड उलगडल्याखेरीज हाती लागत नसतील, तर त्यासाठी मधल्या पायरीवर केलेली प्रत 'फेअर यूज' म्हणजे रास्त वापर ठरते. नाहीतर सेल्डनला जे पुस्तकाच्या आडून मिळालं नाही, ते सेगाला चिपच्या आडून मिळालं असतं.

प्लेस्टेशनची लढाई

कनेक्टिक्सने १९९८ च्या उन्हाळ्यात कामाला हात घातला तेव्हा तिच्यापुढे हा निकाल होता. अभियंत्यांनी बाजारातून प्लेस्टेशन विकत घेतलं आणि चिपमधला बायोस काढून घेतला. आधी त्यांनी फक्त हार्डवेअरचा एम्युलेटर लिहिला आणि त्यावर सोनीचाच बायोस चालवून पाहिला. बायोस कुठल्या क्षणी काय मागतो, काय परत देतो, याची नोंद होत गेली. हार्डवेअर नीट वठल्यावर त्यांनी स्वतःचा बायोस लिहिला. सप्टेंबरमध्ये त्यांनी सोनीकडे तांत्रिक मदतही मागितली होती, सोनीने ती नाकारली. बाजारात आलेल्या व्हर्च्युअल गेम स्टेशनमध्ये सोनीचा कोड नव्हता.

सोनीचं म्हणणं होतं, की तुमच्या मालात आमचं काही नसेल, पण तो घडवताना तुम्ही आमच्या बायोसच्या पुन्हा पुन्हा प्रती केल्या. एप्रिल १९९९ मध्ये जिल्हा न्यायालयाने विक्री थांबवली. १० फेब्रुवारी २००० रोजी नवव्या सर्किटने, न्यायाधीश कॅन्बी यांच्या लेखणीतून, ती बंदी रद्द केली.

हा निकाल बारकाईने पाहण्यासारखा आहे. प्रती किती वेळा केल्या याला न्यायालयाने महत्त्व दिलं नाही. कमी प्रतींत व्हावं म्हणून अभियंत्याने मुद्दाम लांबचा, खर्चिक मार्ग धरावा, अशी सक्ती कायदा करत नाही. संपूर्ण बायोसची प्रत झाली हे खरं, पण मालात ती नसल्याने त्या मुद्द्याला फारसं वजन नाही. कनेक्टिक्सने लोकांना नवी सोय दिली, प्लेस्टेशनचे गेम आता नव्या जागी, नव्या परिस्थितीत खेळता येतात. सोनीची विक्री घटेल का? घटू शकते. पण रास्त स्पर्धकामुळे झालेला तोटा हा कॉपीराइटने भरून द्यायचा तोटा नव्हे. आपले गेम कुठल्या यंत्रावर खेळले जावेत यावर ताबा हवासा वाटणं स्वाभाविक आहे, पण कॉपीराइट कायदा ती मक्तेदारी देत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोनीची याचिका ऐकायला नकार दिला.

दरम्यान ब्लीम नावाच्या दुसऱ्या एम्युलेटरवर सोनीने निराळ्या बाजूने हल्ला केला होता. जाहिरातीत प्लेस्टेशनवरचं चित्र आणि ब्लीमवरचं चित्र शेजारी शेजारी छापल्याबद्दल. मे २००० मध्ये नवव्या सर्किटने तेही ग्राहकाच्या हिताची तुलना म्हणून रास्त ठरवलं.

न्यायालयात दोघेही जिंकले, बाजारात एकही उरला नाही. सोनीने मार्च २००१ मध्ये व्हर्च्युअल गेम स्टेशन विकत घेतलं आणि त्याची विक्री बंद केली. ब्लीम खटल्यांच्या खर्चाने पिचून नोव्हेंबर २००१ मध्ये बंद पडली. त्याआधी, १९९९ च्या जानेवारीतच, निन्टेंडो ६४ चा अल्ट्राएचएलई हा एम्युलेटर प्रसिद्ध होताच त्याच्या कर्त्यांनी मागे घेतला होता. कागदावर असलेला हक्क ज्याच्याकडे वकिलाची फी आहे त्यालाच वापरता आला, ही या इतिहासातली अन्यायाची बाजू आहे आणि ती अजून बदललेली नाही.

एम्युलेटर वेगळा, गेमची प्रत वेगळी

इथे एक गल्लत दूर करायला हवी, कारण सगळा गैरसमज तिच्यातून येतो. एम्युलेटर कायदेशीर आहे म्हणून त्यावर चालणारा प्रत्येक गेम कायदेशीर होत नाही. इंटरनेटवरून उतरवलेली रॉमची, म्हणजे कॅसेटच्या चिपमधल्या गेमची, फाइल ही दुसऱ्याच्या लेखनाची प्रत आहे. 'माझ्याकडे कॅसेट आहे, ही राखीव प्रत' हा युक्तिवादही अमेरिकेत १९८३ सालीच अडखळला. कॅसेटची प्रत काढून देणारं यंत्र विकणाऱ्या जेएस अँड ए कंपनीविरुद्ध अटारी जिंकली, कारण कॅसेट ही डिस्कसारखी सहज पुसली जाणारी वस्तू नाही, असं न्यायालयाला वाटलं. २०१८ मध्ये रॉम वाटणाऱ्या लव्हरॉम्स या साइटच्या चालकांवर निन्टेंडोने दावा केला, त्यात सुमारे १ कोटी २२ लाख डॉलरचा हुकूमनामा झाला.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी टीव्हीला जोडलेले पुष्कळ 'व्हिडिओ गेम' हे निन्टेंडोच्या फॅमिकॉम या कन्सोलच्या नकला होत्या आणि शेकडो गेमचा दावा करणाऱ्या त्यांच्या कॅसेटी बिनपरवाना होत्या. त्या बालपणावर आपलं प्रेम असावं, पण कायद्याच्या लेखी त्या कॅसेटी आणि कनेक्टिक्सचं काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात दुसऱ्याचं लेखन विकलं गेलं, दुसऱ्यात दुसऱ्याच्या यंत्राचा अभ्यास करून स्वतःचं लेखन झालं.

कुलपाचा कायदा

इतकं सगळं ठरल्यावर एम्युलेटर सुरक्षित झाला असेल, असं वाटावं. तसं झालं नाही, कारण दरम्यान भांडणाचं मैदानच बदललं होतं. सोनीने दावा लावण्याच्या तीन महिने आधी, ऑक्टोबर १९९८ मध्ये, अमेरिकेत डीएमसीए हा कायदा मंजूर झाला होता. त्याच्या कलम १२०१ ने नवाच गुन्हा निर्माण केला : कॉपीराइट असलेल्या कृतीला लावलेलं तांत्रिक कुलूप चुकवणं, किंवा ते चुकवणारं साधन वाटणं. प्रत रास्त कारणासाठी केली का, हा जुना प्रश्न इथे बाजूला पडतो. प्रोग्राम एकमेकांशी जुळावेत यासाठी एक अपवाद ठेवला होता, पण तो किती टिकतो हे लवकरच दिसलं.

ब्लिझार्ड कंपनीचे गेम बॅटल.नेट या तिच्या सर्व्हरवर एकत्र खेळता येत. काही प्रोग्रामरनी त्या सर्व्हरचा एम्युलेटर लिहिला, बीनेटडी, आणि तो मुक्तपणे वाटला. मूळ सर्व्हर प्रत्येक गेमच्या सीडीवरची किल्ली तपासत असे. बीनेटडीला किल्ली खरी की खोटी हे ठरवण्याची माहिती ब्लिझार्डने दिली नाही, म्हणून तो कुठलीही किल्ली मान्य करी. २००५ मध्ये आठव्या सर्किटने प्रोग्रामरांविरुद्ध निकाल दिला. कुलूप चुकवलं हा एक ठपका, आणि गेम बसवताना 'मान्य आहे' म्हणून ज्या करारावर क्लिक केलं त्यात रिव्हर्स इंजिनिअरिंग न करण्याची अट होती, हा दुसरा. सेगाच्या निकालाने दिलेला अभ्यासाचा हक्क एका क्लिकने सोडून देता येतो, असा याचा अर्थ झाला.

युरोपने याच्या उलट भूमिका घेतली होती. १९९१ च्या सॉफ्टवेअर निर्देशात प्रोग्राम चालवून त्याचं निरीक्षण करण्याचा आणि जुळवून घेण्यासाठी कोड उलगडण्याचा हक्क दिला आणि करारात उलट काही लिहिलं तर ते रद्द समजावं असंही नमूद केलं. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने 'सॅस विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग' या खटल्यात सांगितलं, की प्रोग्राम काय करतो याला, त्याच्या भाषेला आणि त्याच्या फाइलच्या रचनेला कॉपीराइट नाही. वर्ल्ड प्रोग्रामिंगने सॅसचा कोड न पाहता, सॅसचे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा लिहिली होती. अमेरिकेतही एप्रिल २०२१ मध्ये 'गूगल विरुद्ध ओरॅकल' मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जावाच्या सुमारे ११,५०० ओळी गूगलने अँड्रॉइडसाठी घेणं रास्त ठरवलं. म्हणजे जुन्या तत्त्वाला धक्का लागलेला नाही. धोका आहे तो कुलपाच्या वाटेने.

आजच्या कन्सोलचे गेम कूटबद्ध असतात, किल्लीशिवाय उघडत नाहीत. २०२३ मध्ये डॉल्फिन हा निन्टेंडोच्या गेमक्यूब आणि वी या कन्सोलचा एम्युलेटर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात येणार होता. निन्टेंडोने डीएमसीएचा हवाला देत हरकत घेतली आणि डॉल्फिनने बेत सोडला. त्याच्या कोडमध्ये वीची एक सामायिक किल्ली आहे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी निन्टेंडोने आपल्या स्विच कन्सोलचा एम्युलेटर युझू बनवणाऱ्या ट्रॉपिक हेझ कंपनीवर ऱ्होड आयलंडच्या न्यायालयात दावा लावला. युझूत किल्ल्या नव्हत्या, त्या वापरणाऱ्याने आणायच्या होत्या. निन्टेंडोचा युक्तिवाद असा, की किल्ली वापरून कूट उलगडणं हेच या सॉफ्टवेअरचं मुख्य काम आहे. आठवड्याभरात, ४ मार्चला, तडजोड झाली. २४ लाख डॉलर, आणि युझू बंद. सुनावणी झाली नाही, त्यामुळे कनेक्टिक्सचा निकाल या नव्या कुलपापुढे टिकतो की नाही, हे कुठल्याही न्यायालयाने ठरवलेलं नाही. उत्तराच्या जागी भीती मात्र बसली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निन्टेंडोने संपर्क साधल्यावर र्‍युजिन्क्स हा दुसरा एम्युलेटरही मागे घेण्यात आला.

जपणुकीचं साधन

कंपन्यांना स्वतःला एम्युलेटर वर्ज्य नाही. २०१८ मध्ये सोनीने विकलेल्या प्लेस्टेशन क्लासिकच्या पोटात पीसीएसएक्स रीआर्म्ड हा मुक्त स्रोताचा, हौशी लोकांनी वाढवलेला एम्युलेटर होता. ज्या तंत्राविरुद्ध सोनी वीस वर्षांपूर्वी कोर्टात उभी होती, त्याच तंत्रावर तिने आपला जुना ठेवा पुन्हा विकला.

पण कंपन्या विकतात ते निवडक, खपणारं. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये सुरू केलेला मेम हा एम्युलेटर नसता, तर आर्केडमधल्या कित्येक यंत्रांचं वर्तन त्यांच्या गंजलेल्या चिपबरोबरच नाहीसं झालं असतं. अमेरिकेत दर तीन वर्षांनी कुलपाच्या कायद्यातून सवलती दिल्या जातात आणि ग्रंथालयांना जुन्या गेमसाठी काही सवलती मिळाल्याही आहेत. पण संशोधकाला ते दूरवरून पाहू द्यावेत, ही मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली गेली.

हा प्रश्न गेमपुरता नाही आणि परदेशापुरताही नाही. युनिकोड येण्याआधी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड डॉसच्या संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटे. नव्वदच्या दशकात मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, वर्तमानपत्रं श्रीलिपी, आकृती अशा फाँटमध्ये जुळवली गेली आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. त्या फाइली आजच्या संगणकावर उघडल्या तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. त्यांचं मूळ रूप पाहायचं तर जुनं विंडोज, जुना पेजमेकर, जुना फाँट आणि बरेचदा त्याचं हार्डवेअर लॉक, हे सगळं पुन्हा जागं करावं लागतं. म्हणजे एम्युलेटर लागतो.

भारताचा कायदा इथे अमेरिकेपेक्षा शहाणा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने स्पष्ट तरतुदी आल्या. रीतसर प्रत जवळ असलेल्याला, स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल तर ती काढून घेता येते. प्रोग्रामचं निरीक्षण, अभ्यास, चाचणी करून त्यामागची तत्त्वं शोधता येतात. सेगाच्या खटल्यात जे लढून मिळालं, ते आपल्याकडे कायद्यातच लिहिलेलं आहे. २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५अ ने कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड ठेवला, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडता येतं, फक्त दुसऱ्याला ते उघडून देणाऱ्याने त्याची नोंद ठेवायची. मात्र बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम ६३ब आहेच.

उणीव आहे ती एका जागी. सार्वजनिक ग्रंथालयाने जपणुकीसाठी कृती डिजिटल रूपात साठवावी, ही मुभा कलम ५२(१)(न) देतं, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तरच. छापील पुस्तक स्कॅन करता येतं. जे मुळातच फ्लॉपीवर जन्मलं, त्याला या कलमात जागा नाही.

ही अट काढून टाकली पाहिजे. रीतसर हाती आलेली डिजिटल कृती आणि ती चालवण्यासाठी लागणारं यंत्र, दोन्ही जपण्याचा आणि वाचकाला दाखवण्याचा हक्क विद्यापीठांना, ग्रंथालयांना, साहित्यसंस्थांना कायद्याने दिला पाहिजे. आणि ज्या प्रकाशकांकडे, मुद्रकांकडे, डीटीपी करणाऱ्यांकडे जुन्या फ्लॉपी, झिप डिस्क, लॉक अजून पडून आहेत, त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत. कायदा बदलायला वेळ लागेल, फ्लॉपीवरचा चुंबकीय थर तेवढा वेळ थांबणार नाही.